कूपन नको, पावणी करा

पत्र

आमचं वाचनालय देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात आहे. इमारत जुनी, कौलारू. यंदाच्या पावसात वासे कुजल्याचं लक्षात आलं आणि दोन कपाटं पुस्तकं भिजली. छप्पर नव्याने करायला चार लाख लागतील, असं सुतार म्हणतो. कार्यकारिणीने ठरवलं, की २०० रुपयांची २,००० कूपनं ऑनलाइन विकायची. पहिलं बक्षीस स्कूटर, मग टीव्ही, मोबाइल आणि दहा मिक्सर. गणपतीत चाकरमानी गावात असताना फेसबुकवर लाइव्ह सोडत. पैसे सध्या चिटणिसांच्या मोबाइलवर घेतो आणि कूपनाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपने पाठवतो. १४० कूपनं गेलीसुद्धा. शिवाय दर शनिवारी झूमवर ५० रुपयांत हाऊजी, अशीही कल्पना आहे. तहसील कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी सभेत सांगितलं, ‘ही लॉटरी आहे, अडकाल.’ बाकीचे म्हणतात, चांगल्या कामाला कोण अडवतो? कूपनावर ‘देणगी मूल्य’ छापलं तर चालेल ना? परवानगी लागत असेल तर कोणाकडून घ्यायची?

– एक कार्यकारिणी सदस्य

उत्तर

तुमचे निवृत्त सभासद बरोबर आहेत. पुढच्या सभेत त्यांना बोलू द्या.

आधी आजचं काम. कूपनविक्री आज थांबवा. फेसबुकवरची जाहिरात काढा, व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणारं चित्र काढायला सांगा. १४० जणांचे २८,००० रुपये चिटणिसांच्या खात्यात आहेत. ते ज्या मोबाइल क्रमांकावरून आले त्याच क्रमांकावर परत करा. वहीत चार रकाने पाडा: नाव, आलेली रक्कम आणि तारीख, परत केलेली रक्कम आणि तारीख, यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक. काहीजण म्हणतील, ‘राहू दे, देणगी समज.’ तसं त्यांच्याकडून लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं एक वाक्यही पुरे, आणि मग ती रक्कम वाचनालयाच्या खात्यात भरून पावती द्या. उत्तर न देणाऱ्याचे पैसे मात्र परतच गेले पाहिजेत. गप्प बसला म्हणजे देणगी दिली, असा हिशोब धरू नका.

आता ही लॉटरी का ते. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी नियमन कायद्यात लॉटरीची व्याख्या आहे. योजनेचं रूप काहीही असो, तिला नाव काहीही द्या, तिकीट विकत घेऊन भाग घेणाऱ्यांना नशिबाने बक्षिसं वाटली जात असतील तर ती लॉटरी. ‘नाव काहीही द्या’ हे शब्द तुमच्या ‘देणगी मूल्य’ला आधीच उत्तर देऊन बसले आहेत. बघायच्या गोष्टी तीनच: पैसे घेतले का, बक्षीस आहे का, निकाल नशिबावर आहे का. तिन्हींना ‘हो’ आलं की लॉटरी. पैसे छपरासाठी आहेत की कोणाच्या खिशासाठी, हा प्रश्न व्याख्येत येत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनं कलम २९४-अ आता तिथे कलम २९७ आहे. राज्याची नसलेली किंवा राज्य शासनाने अधिकृत न केलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. अशा लॉटरीच्या बक्षिसांची जाहिरात केली तर ५,००० रुपयांपर्यंत दंड. जुन्या कलमात हा दंड १,००० होता. यातला दुसरा भाग ऑनलाइनवाल्यांना जास्त लागतो. पूर्वी गावच्या जत्रेत कूपनाची वही हातोहात फिरायची आणि संपायची. आता तुम्हीच बक्षिसांचं चित्र, दर, सोडतीची तारीख आणि चिटणिसांचा नंबर असं सगळं एका पोस्टरवर छापून शेकडो मोबाइलमध्ये ठेवता. तक्रारदाराला वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

आणि तक्रार कोण करतं? परका माणूस क्वचित. स्कूटर चिटणिसांच्या भाच्याला लागली की गावातलाच कोणीतरी करतो. भाच्याला ती खरोखर नशिबाने लागलेली असली तरीही.

परवानगीबद्दल. ग्रामपंचायतीचा ठराव, पोलीस पाटलांची सही, पत्रिकेवर आमदारांचा फोटो, यातली एकही गोष्ट लॉटरीची परवानगी नव्हे. अधिकृत करण्याचा अधिकार राज्य शासनाचा. महाराष्ट्रात लॉटऱ्यांवर नियंत्रण आणि कर घालणारा १९५८ चा स्वतंत्र कायदाही आहे. पैसे घेऊनच सोडत करायची असा सभेचा हट्ट असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या. सोबत संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, कार्यकारिणीचा ठराव, कूपनांची संख्या आणि दर, बक्षिसांची किंमत, पैसे कशासाठी हवेत आणि सोडत कशी काढणार, हे सगळं जोडा. हातात लेखी परवानगी येईपर्यंत कूपन छापू नका. ‘अर्ज दिलाय’ म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही. सिंधुदुर्गात हमखास ऐकू येतं, ‘गोव्यात तर सगळं चालतं.’ गोव्याचा कायदा वेगळा आहे आणि तो पत्रादेवीच्या नाक्यावर संपतो.

पण परवानगी मिळेल असं क्षणभर धरलं तरी हा बेत पैशाच्या दृष्टीनेही कच्चा आहे. हिशोब मांडून पाहा. स्कूटर ९५,०००, टीव्ही २५,०००, मोबाइल १५,०००, दहा मिक्सर ३०,०००, छपाई आणि किरकोळ ९,०००. झाले १,७४,०००. सगळी २,००० कूपनं खपली तर चार लाखांतून हातात राहतात २,२६,०००. १,३०० खपली तर २,६०,००० जमतात आणि उरतात ८६,०००. आणि ८७० पर्यंत जे काही खपेल ते फक्त बक्षिसं आणि छपाई फेडायला जातं.

वर कर. सोडतीतल्या १०,००० रुपयांवरच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर बक्षीस देणाऱ्याने कापायचा असतो. बक्षीस वस्तूचं असेल तर कर भरला गेल्याची खात्री केल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. म्हणजे ९५,००० च्या स्कूटरसाठी विजेत्याने किल्ली घेण्याआधी २८,५०० आणून द्यायचे, वाचनालयाने टॅन (कर कापणाऱ्याला लागणारा आयकर खात्याचा क्रमांक) काढून ते भरायचे आणि त्याला प्रमाणपत्र द्यायचं. टीव्हीला ७,५००, मोबाइलला ४,५००. दोनशे रुपयांचं कूपन घेतलेल्या माणसाला हे त्या दिवशी व्यासपीठावर समजलं तर काय होईल ते तुम्हीच बघा. जीएसटीतही लॉटरी वरच्या दरात बसते, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के.

झूमवरची हाऊजी तर साफ विसरा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे भरून, जिंकण्याच्या आशेने ऑनलाइन खेळायचा खेळ बंद केला आहे. कौशल्याचा असो की नशिबाचा, त्यात फरक केलेला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. तो कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर मोठमोठी ॲप्स होती, वाचनालयं नव्हती हे खरं. पण ५० रुपयांच्या हाऊजीसाठी त्या व्याख्येशी वाद घालायला कोणी जाऊ नये. हाऊजी खेळायचीच असेल तर फुकट खेळा. तिकीट फुकट, बक्षीस म्हणून गावातल्याच कोणीतरी दिलेली आंबापोळी, आणि खेळ संपल्यावर छपराची माहिती सांगून देणगीचं आवाहन. पैसे आणि तिकीट यांचा एकमेकांशी संबंध लावायचा नाही, एवढंच पथ्य.

हेच पथ्य सोडतीलाही लागू पडतं. सोडत लोकांना जमवायला उत्तम असते, म्हणून ती ठेवा, पण तिला दर लावू नका. गणपतीत वाचनालयाचा कार्यक्रम करा आणि दारात येणाऱ्या प्रत्येक घराला एक चिठ्ठी द्या. देणगी देणाऱ्याला एक आणि न देणाऱ्यालाही एकच. ‘५०० दिले त्यांना दोन चिठ्ठ्या’ केलंत की पुन्हा तिकीट विकलंत. चिठ्ठीवर छापा: ‘या सोडतीसाठी देणगी आवश्यक नाही.’ सगळी बक्षिसं मिळालेली असावीत, वाचनालयाच्या पैशातून आणलेली नकोत, आणि प्रत्येक १०,००० च्या बरीच खाली ठेवा. मग कराची कटकटही नाही.

सोडत काढताना मोबाइलवरचं फिरणारं चाक वापरू नका. एकदा फिरवून नको तो आकडा आला तर पुन्हा फिरवता येतं आणि पाहणाऱ्यांना तो संशय राहतोच. कागदी चिठ्ठ्यांतही खोट असते. जाड कागदाची किंवा जास्त घड्यांची चिठ्ठी हाताला वेगळी लागते आणि शेवटी टाकलेल्या वरच राहतात. सगळ्यात सोपं साधन म्हणजे ० ते ९ आकडे लिहिलेले एकाच मापाचे दहा प्लास्टिकचे चेंडू आणि तोंड अरुंद असलेली कापडी पिशवी. चिठ्ठ्यांना ००१ पासून क्रमांक द्या. एक चेंडू काढा, तो शतकाचा आकडा. पिशवीत परत टाका, हलवा. दुसरा दशकाचा, तिसरा एककाचा. तीनशे चाळीस चिठ्ठ्या वाटल्या आणि ७१२ आला, तर तो रद्द धरून तिन्ही आकडे पहिल्यापासून काढायचे. हा नियम सोडतीच्या आधी फळ्यावर लिहा. आधी लिहिलेला नसेल तर रद्द केलेला प्रत्येक आकडा भांडणाचं कारण होतो. चेंडू काढायला चौथी-पाचवीतली मुलं, प्रत्येक बक्षिसाला वेगळं. वाटलेल्या चिठ्ठ्यांची शेवटची संख्या, निघालेले आकडे आणि दोन बाहेरच्या साक्षीदारांच्या सह्या एका कागदावर घ्या. कार्यकारिणीच्या घरच्यांनी चिठ्ठी घेऊच नये. फेसबुकवर दाखवायचं तर जरूर दाखवा, पण वाडीत रेंज गेली तर सोडत थांबवायची की चालू ठेवायची, हेही आधीच ठरलेलं हवं.

फुकट सोडतीने छप्पर होणार नाही, हे उघड आहे. पैसा यायचा तो दोन वाटांनी.

पहिली वाट तुमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे: पावणी, म्हणजे देवळातला जाहीर लिलाव. सप्ताहात, रामनवमीला देवळात नारळ-केळ्यांची पावणी होते तेव्हा लोक एका नारळाला पाचशे देतात, हौसेने देतात, आणि त्यात नशिबाचा भाग नसतो. जास्त बोली त्याची वस्तू, बाकीच्यांचा एक पैसाही जात नाही. म्हणून लिलाव ही लॉटरी होत नाही. हीच पावणी व्हॉट्सअ‍ॅपवर आणा म्हणजे मुंबईतला, पुण्यातला चाकरमानीही बोली लावेल.

वस्तू २५ ते ३० ठेवा, त्याहून जास्त नकोत, लोक कंटाळतात. कोकम आगळाच्या बाटल्या, काजूगर, फणसपोळी, सावंतवाडीची लाकडी खेळणी, कोणाच्या घरगुती न्याहारी-निवासातली दोन रात्रींची राहणी, खाडीतली होडीची फेरी. हापूस गणपतीत नसतो, पण पुढच्या एप्रिलमधल्या पाच डझनी पेटीचा हक्क विकता येतो. त्यासाठी बागायतदाराकडून लेखी घ्या आणि मोहोर गळला तर पेटीऐवजी काय देणार, तेही त्यातच लिहा. समुद्रातलं प्रवाळ आणि मोठे शंख कोणी हौसेने आणून दिले तर नम्रपणे परत करा. प्रवाळ आणि शंखांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांची विक्री म्हणजे नवा गुन्हा.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पावणीत भांडण वेळेवरून होतं. रात्री ८:५९ ला टाकलेली बोली दुसऱ्याच्या मोबाइलवर ९:०१ ला दिसते. म्हणून नियम असा: बोली वाचनालयाच्या मोबाइलवर ज्या क्रमाने आली तो क्रम अंतिम. शेवटच्या पाच मिनिटांत नवी बोली आली तर मुदत पाच मिनिटांनी वाढते, आणि पाच मिनिटं कोणीच बोललं नाही की ‘तीन वार’. बोली ‘वस्तू ७ – १,८००’ अशीच लिहायची, अंगठा किंवा ‘माझे शंभर जास्त’ धरायचं नाही. २,००० पर्यंत वाढ किमान १०० ची, त्यापुढे २५० ची. पैसे ४८ तासांत. नाही आले तर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या बोलीला वस्तू विचारायची. भाव चढवण्यासाठी कार्यकारिणीतल्या कोणी खोटी बोली लावायची नाही. ते उघड झालं की पुढच्या वर्षी पावणीला कुत्रं फिरकत नाही. पार्सलचा खर्च घेणाऱ्याचा, हे वस्तूच्या फोटोखालीच लिहा.

दुसरी वाट म्हणजे छपराचे वाटे. चार लाख म्हणजे ५०० रुपयांचे ८०० वाटे. ‘देणगी द्या’ यापेक्षा ‘एक वाटा: इतकी कौलं आणि एक रीप’ हे लोकांना कळतं. सुताराकडून वासे, रिपा, कौलं आणि मजुरी असा फोडून अंदाज घ्या आणि त्यावरून वाटे पाडा. छपराचं काम नाहीतरी दिवाळीनंतरच सुरू होणार, तोवर ताडपत्री आहेच. म्हणजे गणपती ते दिवाळी एवढा काळ हातात आहे. तुमच्याकडे ८०-जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) असेल तर तसं ठळक लिहा. मात्र २,००० वरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, आणि पावणीत वस्तू घेणाऱ्याला ८०-जीची पावती द्यायची नाही. त्याने पैशाच्या बदल्यात काहीतरी घेतलेलं असतं.

पैसे वाचनालयाच्या बँक खात्यातच आले पाहिजेत. बँकेकडून संस्थेच्या नावाचा क्यूआर कोड घ्या. स्कॅन केल्यावर मोबाइलवर वाचनालयाचं नाव दिसलं पाहिजे, चिटणिसांचं नाही. पैसे आल्याचा फोटो कोणी पाठवला तर त्यावर पावती देऊ नका, असे फोटो बनवता येतात. रोज संध्याकाळी खात्याच्या नोंदी बघा, संदर्भ क्रमांक जुळला की पावती. तुमचं वाचनालय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं असेल तर वर्गणीसाठी वेगळा दाखला लागत नाही. पण गावातलं नोंदणी नसलेलं युवक मंडळ ‘वाचनालयासाठी’ म्हणून पैसे गोळा करणार असेल, तर त्यांनी आधी कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची. अनुदानपात्र वाचनालयांचा हिशोब जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांपुढेही जातो. तिथे ‘लकी ड्रॉ जमा’ असली नोंद वाचायला बरी दिसत नाही.

गावची मुलं दुबई-मस्कतला असतील. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं, त्याचे मात्र ठरतात, मग तो शेजारच्या घरातला असला आणि ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. परदेशी देणगी घेण्याची नोंदणी नसेल तर त्याचे पैसे घेऊ नका. पावतीवर ‘भारतीय नागरिक – होय/नाही’ असा रकाना ठेवा.

आणखी एक गोष्ट तुमच्या सभेत कोणीतरी सुचवेलच: फी घेऊन शब्दकोड्याची स्पर्धा. अक्षरं-आकडे जुळवायच्या अशा बक्षीस स्पर्धांना १९५५ चा वेगळा कायदा आहे, महिन्याला १,००० रुपयांच्या वर बक्षीस दिलं तर बंदी आणि त्याखाली परवाना. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तो नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांपुरता धरला, पण त्यात शिरू नका. फी घेऊन स्पर्धा करायची तर निबंधाची करा, छायाचित्रांची करा, नाहीतर मालवणीतून गजाली सांगण्याची. परीक्षक तीन, गुणपत्रिका लेखी, आणि दोघांना सारखे गुण पडले तर बक्षीस वाटून. तिथे चिठ्ठी टाकायची नाही.

१४० जणांना पाठवायचा निरोप असा चालेल: ‘कूपन योजना रद्द केली आहे. आपले २०० रुपये आज याच क्रमांकावर परत पाठवत आहोत. ते छपरासाठी देणगी म्हणून ठेवायचे असतील तर रात्री आठच्या आत तसं लिहून कळवा, वाचनालयाची पावती मिळेल. छपराचे वाटे आणि गणपतीतली पावणी यांची माहिती पुढच्या रविवारी पाठवू.’ खाली अध्यक्ष आणि चिटणीस, दोघांची नावं.